हळू वाढणारे पाम: खोड दिसत नाही तेव्हा झाड काय करत असतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: जमिनीत एक बॉटल पाम आणि एक युरोपियन फॅन पाम लावून चार वर्षं झाली. बॉटल पामची उंची वाढल्यासारखी वाटत नाही, शिवाय खालच्या झावळ्या टोकाकडून वाळत येतात. फॅन पाम वर्षाला मोजकीच पानं देतो. घरात कुंडीत रॅपिस पाम आहे, तो जिथे होता तिथेच आहे. युरिया वाढवू का? खालच्या झावळ्या छाटल्या तर जोर शेंड्याकडे जाईल का? की झाडं उकरून दुसऱ्या जागी लावू?

तिन्हींना माझं उत्तर नाही असं आहे. युरियाने बॉटल पामची अवस्था आणखी बिघडेल, छाटणीने झाड मागे जाईल आणि उकरण्याने चार वर्षांची मेहनत वाया जाईल. पण नुसतं नाही म्हणून भागणार नाही. पाम वाढतो कसा हे एकदा नीट कळलं की यापुढचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत, म्हणून आधी ते सांगतो.

बहुतेक झाडांच्या सालीखाली जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो. तो दरवर्षी नवं लाकूड घालत जातो, म्हणून रोपटं आधी काडीसारखं उंच होतं आणि खोड मागाहून जाड होत राहतं. पाममध्ये हा थर नसतो. त्यामुळे त्याला उलट्या क्रमाने जावं लागतं: आधी जमिनीलगत बुंध्याची रुंदी तयार करायची, ती पुरेशी झाली की मगच उंचीला लागायचं. या पहिल्या टप्प्यात प्रत्येक नवं पान आधीच्यापेक्षा जरा मोठं असतं, देठाचा तळ जरा रुंद असतो आणि मुळं जरा जाड असतात. वरून पाहणाऱ्याला मात्र खोड दिसतच नाही. साबल जातीच्या काही पामांचं कोवळं खोड तर आधी चक्क खाली जमिनीत जातं आणि मग वळण घेऊन वर येतं. अशा झाडाची उंची मोजत बसण्यात काहीच अर्थ नाही. काही जातींत आहेत त्याच पेशी फुगून बुंधा पुढे थोडा जाड होतो, पण नव्या लाकडाचा थर पामला कधीच घालता येत नाही.

याचे दोन परिणाम आहेत आणि निगेचं सगळं शास्त्र त्यांच्यावर उभं आहे. पहिला म्हणजे पामची जखम भरून येत नाही. खोडाला पडलेला खड्डा, खिळ्याचं भोक, गवत कापायच्या यंत्राच्या दोरीने बुंध्याला बसलेला ओरखडा, हे सगळं झाड असेपर्यंत तसंच राहतं आणि बुरशीला आत शिरायला वाट मिळते. एखाद्या वर्षी झाडाची उपासमार झाली तर त्या काळात तयार झालेला खोडाचा भाग अरुंद होतो आणि कायम अरुंदच राहतो. मध्येच बारीक होऊन पुन्हा जाड झालेली खोडं तुम्ही पाहिली असतील. झाडाने काढलेले वाईट दिवस त्या जागी कोरलेले असतात.

दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. पामच्या एका खोडाला वाढीचा बिंदू एकच असतो. तो शेंड्यात, पानांच्या देठांच्या आत खोलवर असतो. तो मेला की ते खोड संपलं. डौम पामसारखे थोडे अपवाद सोडले तर पामला फांद्या फुटत नाहीत. तुमच्या फॅन पामसारख्या बेटाने वाढणाऱ्या जातींना बुडाशी फुटवे येतात, त्यामुळे एक खोड गेलं तरी बेट जगतं. बॉटल पाम मात्र एकदांडी आहे, त्याला दुसरी संधी नाही.

लंडनमधल्या क्यू उद्यानातल्या टेम्परेट हाउस या काचघरात चिली वाइन पामचं एक प्रसिद्ध झाड होतं. १८४६ साली बियांपासून वाढवलेलं ते झाड काचघराखाली वाढलेल्या जगातल्या सगळ्यांत उंच झाडांत गणलं जाई. ही जात हळू वाढीसाठी नावाजलेली आहे. खोड दिसायलाच कितीतरी वर्षं जातात, पण बुंधा मीटरभराहून जाड होतो. दीडशेहून अधिक वर्षांनी ते झाड छताला भिडलं आणि २०१३ नंतर काचघराची मोठी दुरुस्ती निघाली तेव्हा ते तोडावं लागलं. दुसरं कुठलंही झाड वरून छाटून ठेवता आलं असतं. पामचा शेंडा छाटणं म्हणजे झाडच मारणं, आणि एवढ्या आकाराचं झाड हलवणंही शक्य नव्हतं.

आता तुमच्या झाडांकडे येऊ. वाढ मोजायची तर उंची सोडा आणि पानं मोजा. शेंड्यातून नवं पान न उघडलेल्या कोंबासारखं, सुरळी होऊन वर येतं. मोसम सुरू झाला की एक न पुसणारं मार्कर पेन घ्या. कोंब आणि त्याला लागून असलेला जुन्या पानाचा देठ, या दोन्हींवरून एकच आडवी रेघ ओढा. जुना देठ आता वाढणार नाही, कोंब वाढेल. दहा-पंधरा दिवसांनी पाहिलंत तर रेघेचे दोन तुकडे झालेले दिसतील, कोंबावरचा तुकडा वर गेलेला असेल. मधलं अंतर टेपने मोजून तारखेसह वहीत लिहा. उष्ण, ओलसर दिवसांत हे अंतर वाढतं, थंडीत जवळजवळ शून्यावर येतं. वर्षभराच्या नोंदी झाल्या की तुमच्या जागी कोणते महिने वाढीचे आहेत ते कळतं. खत आणि पाणी त्याच महिन्यांत कामी येतं. रेघ हलत असेल तर झाड उत्तम काम करतंय, काळजी सोडा. भर मोसमात सहा आठवडे रेघ हलली नाही तर मात्र काहीतरी नक्की बिघडलंय.

याच नोंदीतून आणखी एक हिशोब निघतो आणि माझ्या मते हळू वाढणाऱ्या पामबाबत सगळ्यांत उपयोगाचा हिशोब तोच आहे. समजा झाडावर एका वेळी बारा पानं असतात आणि वर्षाला चार नवी येतात. म्हणजे प्रत्येक पान तीन वर्षं काम करतं. तुम्ही खालची चार हिरवी पानं छाटलीत तर वर्षभराची कमाई एका दुपारी कापून टाकलीत. भरभर वाढणारा पाम ती भर काही महिन्यांत काढतो, हळू वाढणाऱ्याला वर्ष लागतं. कमतरतेचंही तसंच. आज खत सुधारलं तरी डागाळलेली पानं पुन्हा हिरवी होत नाहीत. ती गळून त्यांच्या जागी निरोगी पानं येईपर्यंत, म्हणजे पानाच्या पूर्ण आयुष्याइतका काळ, झाड तुम्हाला आजारीच दिसत राहणार. इथेच लोकांचा धीर सुटतो. सहा महिन्यांत फरक पडला नाही म्हणून खत बदलतात, मग औषध बदलतात, मग जागा बदलतात, आणि झाडाला काही लागू पडायच्या आत ते बंद झालेलं असतं.

बॉटल पामच्या खालच्या झावळ्यांबद्दल. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून मला पालाशची (पोटॅशची) कमतरता दिसते. हायोफोर्बी गटातले पाम, म्हणजे बॉटल पाम आणि स्पिंडल पाम, या कमतरतेला लवकर बळी पडतात. खात्री करायची तर सर्वांत जुनी झावळी हातात धरा आणि खालून आभाळाच्या उजेडात पाहा. पात्यांवर पिवळे-नारिंगी ठिपके दिसतील आणि उजेड त्या ठिपक्यांतून आरपार येईल. टोकाकडे ठिपके दाट होत जातात, मग टोक तपकिरी पडून कुरळं होतं. देठाकडचा भाग त्या मानाने हिरवा असतो. नवीन पानं चांगली आणि जुनी खराब, हा यातला मुख्य धागा आहे. पालाश झाडाच्या आत हलतो. मातीतून मिळाला नाही की झाड तो जुन्या पानांतून ओढून नव्या पानाला देतं. म्हणजे ती कुरूप दिसणारी झावळी या घडीला झाडाचं खत आहे. ती कापलीत की झाड तिच्या वरच्या झावळीतून पालाश ओढायला लागतं. दर महिन्याला ‘स्वच्छता’ केलेले पाम वर्षानुवर्षं तीन-चार झावळ्यांवरच का अडकून पडतात, याचं कारण हेच. निरोगी बॉटल पामवरही चार ते आठच झावळ्या असतात, त्यामुळे त्याला एकेक झावळी मोलाची.

आणि म्हणूनच युरिया नको. नत्र (नायट्रोजन, युरियात तेच असतं) दिलं की झाड नवं पान काढायची घाई करतं, त्या पानाला पालाश लागतो, तो मातीत नसतो, मग जुनी पानं आणखी वेगाने ओरबाडली जातात. झाड महिनाभर हिरवंगार दिसतं, पुढे माथा आकसत जातो. कमतरता फार टोकाला गेली तर नवी पानंही लहान आणि फिकी येतात आणि शेवटी वाढीचा बिंदूच मरतो. पाम हिरवळीत लावला असेल तर इथे एक छुपा धोका आहे. गवतासाठी टाकलेलं नत्राचं खत पामच्या मुळांपर्यंत पोचतंच, कारण पामची मुळं माथ्याच्या सावलीच्या कितीतरी बाहेर पसरलेली असतात. गवताला खत घालणं पामपासून दूर ठेवा, किंवा संपूर्ण पट्ट्याला पामचंच खत द्या. गवताचं त्यावाचून काही अडत नाही.

कमतरता ओळखायची तर आधी पाहायचं की दोष जुन्या पानांवर आहे की नव्या. जुन्या पानांच्या कडेला रुंद, लख्ख पिवळा पट्टा आणि मध्यभाग ठळक हिरवा असेल तर मॅग्नेशियम कमी आहे. खजुराच्या गटातल्या पामांवर हे नेहमी दिसतं. नवं पान फिकट पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर ते लोहाचं लक्षण आहे, पण बहुतेक वेळा मातीत लोह असतं, मुळंच गुदमरलेली असतात. झाड खोल लावलंय का, पाणी साचतंय का, हे आधी बघा. नवं पान आखूड, चुरगळलेलं, कडा जळाल्यासारखी येत असेल तर मंगल (मँगनीज) कमी आहे. चुनखडीच्या मातीत आणि थंड मातीत ही तक्रार जास्त येते, आणि दुर्लक्ष केलं तर झाड जातं. उपाय म्हणजे मंगल सल्फेट मातीतून. नव्या पात्यांची टोकं आकड्यासारखी वळली, पान पूर्ण उलगडलंच नाही, तर बोरॉनकडे बोट जातं. बोरॉन मात्र अंदाजाने कधीच घालू नका. गरजेचं प्रमाण आणि विषारी प्रमाण यांत फार थोडं अंतर आहे. आणखी एक लक्षात ठेवा: नव्या पानावर आज दिसणारा दोष ते पान शेंड्याच्या आत घडत असताना, म्हणजे काही महिन्यांपूर्वी झालेला असतो. आजच्या हवेशी त्याचा संबंध जोडू नका.

खत कोणतं, यावर फ्लोरिडा विद्यापीठातल्या पाम-अभ्यासकांनी जे प्रमाण बसवलंय ते मी आधार म्हणून धरतो: नत्र ८, स्फुरद (फॉस्फरस) २, पालाश १२, मॅग्नेशियम ४, सोबत मंगल आणि लोहासारखी सूक्ष्म अन्नद्रव्यं. मात्रा दर चौरस मीटरला सुमारे ७० ग्रॅम, तीन महिन्यांतून एकदा, माथ्याच्या खालच्या सगळ्या जमिनीवर सारखी पसरून. हे प्रमाण पाण्याबरोबर सगळं वाहून जाणाऱ्या वाळूच्या जमिनीसाठी आहे. चिकणमातीत अन्नद्रव्यं धरून राहतात, तिथे याच्या निम्म्यापासून सुरुवात करा. पण आकड्यांपेक्षा मोठी अट अशी की नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम तिन्ही सावकाश सुटणाऱ्या रूपात हवेत. बाजारात अनेक मिश्रणांत फक्त नत्राच्या दाण्यांवर आवरण असतं आणि पालाश साधा, लगेच विरघळणारा असतो. दोन मोठ्या पावसांत पालाश वाहून जातो, नत्र मागे उरतं, आणि तुम्ही पामचं खत घालूनही पालाशची कमतरता ओढवून घेता. पिशवीवरचा बारीक मजकूर वाचा. आवरणाचं सल्फेट ऑफ पोटॅश आणि मॅग्नेशियमसाठी किसेराइट मिळालं तर उत्तम. एप्सम सॉल्ट लगेच विरघळतं आणि तितक्याच लवकर निघून जातं. ते एकटंच देत राहिलात तर मॅग्नेशियम वाढून पालाशची ओढाताण आणखी वाढते.

शेणखताबद्दल विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच असेल. माती भुसभुशीत राहायला थोडं चांगलं कुजलेलं शेणखत जरूर घाला. त्यावर पामचं पोट भरेल असं मात्र समजू नका. ते भरमसाट घातलेल्या मातीत मंगल अडकून पडतं आणि वर सांगितलेली चुरगळलेली पानं दिसायला लागतात.

उकरून हलवण्याविषयी. पामची मुळं फांदीसारखी जाड होत जात नाहीत. बुंध्याच्या तळातून ती पूर्ण जाडीचीच बाहेर येतात. मूळ तुटल्यावर काय होतं हे जातीवर ठरतं. नारळाची तुटलेली जवळजवळ निम्मी मुळं पुन्हा फुटतात. साबल पाममध्ये जवळपास सगळी तुटलेली मुळं मरतात आणि झाडाला बुंध्यातून नवी काढावी लागतात. बिस्मार्क पामही मुळांना हात लावलेला सहन करत नाही. हळू वाढणाऱ्या झाडाला नवी मुळं घालायला पूर्ण उष्ण मोसम लागतो आणि तेवढा काळ पानं खोडातल्या साठ्यावर जगतात. ज्या झाडाने अजून पुरेसं खोडच केलेलं नाही त्याच्याकडे साठा कुठून येणार? तुमची झाडं ज्या टप्प्यात आहेत तो हलवण्यासाठी सर्वांत वाईट टप्पा आहे. जागेत पाणी साचत असेल किंवा वर छप्पर येत असेल तरच हलवा, आणि तेही उष्ण मोसमाच्या सुरुवातीला. माती १८ अंशांच्या खाली गेली की उष्ण प्रदेशातल्या बहुतेक पामांची मुळं जवळजवळ थांबतात.

जागा बदलण्याआधी मी तुम्हाला एकच गोष्ट तपासायला सांगेन. बुंध्याजवळची माती हाताने, हळूहळू, खुरपं न लावता बाजूला करा. जाड मुळं जिथून निघतात तो पट्टा मातीच्या पातळीला लागून असायला हवा. त्याच्यावर चार बोटं माती असेल तर झाड खोल लागलंय. वर्षानुवर्षं आळं सारवताना, आच्छादन घालताना माती बुंध्यावर चढत जाते, त्यामुळे सुरुवातीला बरोबर लावलेलं झाडही पुढे पुरलं जातं. खोल गाडलेल्या पामची मुळं हवेविना गुदमरतात, नवी पानं फिकी पडतात आणि वाढ अडते, पण झाड लगेच मरत नाही. त्यामुळे कारण कुणाच्या लक्षातच येत नाही. जास्तीची माती काढा, आळं बुंध्यापासून हातभर बाहेर सरकवा, आच्छादन घाला पण ते बुंध्याला टेकू देऊ नका. आजवर ‘वाढत नाही’ म्हणून मला दाखवलेल्या कितीतरी झाडांना एवढ्यानेच उठाव आलेला आहे. उलट बाजूही पाहा: माती वाहून जाऊन नव्या मुळांची टोकं उघडी पडली असतील तर ती हवेत सुकतात. तिथे त्या पट्ट्यापर्यंत माती परत लावा.

पाण्यासाठी वेळापत्रक सांगत नाही. बोटभर खोल माती चाचपून पाहा. बॉटल पामला उष्ण दिवसांत माती ओलसर लागते पण चिखल नको. फॅन पाम भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ उतारावरचा आहे, रुजला की कोरडं सहन करतो. पण सहन करणं वेगळं आणि वाढणं वेगळं. उन्हाळाभर त्याला खोल पाणी मिळालं तर पानांची संख्या नक्की वाढते. पाणी जमिनीवर घाला, शेंड्यात ओतू नका. थंड दिवसांत शेंड्यात साचलेलं पाणी हे कोंब कुजण्याचं नेहमीचं कारण आहे. तणनाशकही पामच्या हिरव्या खोडावर किंवा कोवळ्या फुटव्यांवर उडू देऊ नका. बुंध्याभोवतीचं गवत हातानेच उपटा.

रॅपिसची गोष्ट वेगळी आहे. तो सावलीचा पाम आहे. उघड्या उन्हात त्याची पानं पिवळी पडतात, खिडकीतल्या सौम्य उजेडात गडद राहतात. मातीखालच्या आडव्या खोडातून तो नवे दांडे काढतो. म्हणून त्याची वाढ उंचीत शोधू नका, कुंडीच्या कडेला नवी टोकं दिसतात का ते बघा. हळू वाढणाऱ्या झाडाला मोठी कुंडी दिली की लवकर वाढेल असं सगळ्यांना वाटतं, प्रत्यक्षात उलट होतं. थोड्या मुळांभोवती खूप माती असली की ती आठवडाभर ओली राहते आणि मुळं कुजतात. आहे त्या मुळांच्या गड्ड्यापेक्षा दोन-तीन बोटं रुंद एवढीच पुढची कुंडी घ्या.

कुंडीतल्या मिश्रणाकडे मात्र मी जास्त लक्ष द्यायला सांगेन. भरभर वाढणारं झाड दरवर्षी कुंडी बदलतं, त्याचं मिश्रण कसंही असलं तरी चालून जातं. रॅपिस, केंटिया असले पाम एकाच मिश्रणात तीन-तीन वर्षं राहतात. नुसतं कोकोपीट आणि खत भरलं तर दुसऱ्या वर्षी त्याचा लगदा होतो, हवेच्या पोकळ्या बुजतात. निम्म्याहून जास्त भाग न कुजणारा किंवा सावकाश कुजणारा हवा: जाड वाळू, पर्लाइट, झाडाच्या सालीचे तुकडे. बदलताना गड्डा फोडू नका, मुळं विंचरू नका, अख्खा गड्डा उचलून नव्या कुंडीत ठेवा आणि पहिल्याच पातळीवर लावा. पानांची टोकं बारीक तपकिरी होत असतील तर पाण्यातले क्षार साचलेत. महिन्या-दोन महिन्यांनी कुंडीतून भरपूर पाणी आरपार जाऊ द्या आणि खाली बशीत पाणी उभं ठेवू नका. टोक कात्रीने कापायचं तर तपकिरी भागाची बारीकशी कड ठेवून कापा, हिरव्यात कापलं की पुन्हा वाळतं. घरातल्या कोरड्या हवेत लाल कोळी येतो. पान मागच्या बाजूने ओल्या फडक्याने पुसत राहिलात तर औषधाची गरज सहसा पडत नाही.

कीड-रोगांत भीती बाळगावी असं शेंड्याचंच दुखणं असतं. मधला कोंब फिका पडला, लोंबला, तर दोन बोटांत धरून अगदी हलका ओढून पाहा. तळ कुजून, दुर्गंधी येत तो हातात आला तर शेंडा कुजतोय. सगळा कुजका भाग काढा, शेंड्यात पाणी जाऊ देऊ नका, कॉपर ऑक्सिक्लोराइडसारखं ताम्रयुक्त बुरशीनाशक लेबलवरच्या प्रमाणात घाला आणि वाट पाहा. वाढीचा बिंदू वाचला असेल तर महिन्यांनी का होईना, खालून वेडंवाकडं पान वर येतं. ते येईपर्यंत बाकीची हिरवी पानं तोडू नका आणि झाड मेलं असं समजून उपटू नका. पंख्यासारखं त्रिकोणी कापलेलं नवं पान दिसलं तर गेंड्या भुंगा शेंड्यात शिरून गेलाय. तो बहुधा जवळच्या कुजक्या शेणखताच्या किंवा पालापाचोळ्याच्या ढिगात वाढतो, ढीग हलवणं हा अर्धा इलाज आहे. सोंड्या भुंगा जखमेच्या वासावर येतो. उगीच केलेली छाटणी टाळायला हे आणखी एक कारण झालं. कात्री-करवत एका पामवरून दुसऱ्यावर नेताना निर्जंतुक करा, कारण कॅनरी खजुरासारख्या झाडांत मर रोग मुख्यतः अवजारांतून पसरतो.

छाटायचंच असेल तर पूर्ण तपकिरी झालेलं पान छाटा, देठाचा थोडा भाग मागे ठेवून. बॉटल पामला तेही करावं लागत नाही, वाळलेली झावळी देठाच्या वेष्टनासकट आपोआप सुटते. ती ओढून सोलली तर खालचं कोवळं हिरवं खोड फाटतं.

थंडीचं एका ओळीत सांगतो: बॉटल पामला हिमांकाच्या जवळचं तापमानसुद्धा इजा करतं, युरोपियन फॅन पाम उणे १० अंशांच्या आसपास निभावतो. मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडसारख्या उबदार बेटावरच्या झाडाकडून थंडीत वाढीची अपेक्षा ठेवू नका.

वेग वाढवता येतो का, याचं प्रामाणिक उत्तर असं की जातीने ठरवलेली मर्यादा ओलांडता येत नाही, पण बहुतेक झाडं त्या मर्यादेच्या कितीतरी खाली जगत असतात. ऊब, ओल आणि पालाशयुक्त खत वाढीच्या मोसमात एकदाही खंड न पडता मिळालं तर फरक डोळ्यांना दिसतो. एक महिना भरपूर आणि दोन महिने विसरून जाणं, याने मात्र काहीच साधत नाही. याच कारणाने मी हळू वाढणारा पाम मोठा विकत घेण्यापेक्षा लहानच जमिनीत लावावा या मताचा आहे. मोठं झाड हलवल्याचा धक्का भरून काढत असतं तेव्हा लहान झाड मुळं पसरून पुढे निघालेलं असतं. आणि रोप घेताना खात्री करा की ते पामच आहे: सागो पाम नावाने विकला जाणारा सायकस आणि पोनीटेल पाम हे दोन्ही पाम नाहीत, त्यांची निगा वेगळी.

तुमच्यासाठी या मोसमाचं काम एवढंच. बॉटल पाम: बुंध्याची माती तपासा, झावळ्यांना हात लावू नका, युरिया बंद, सावकाश सुटणारं पालाश-मॅग्नेशियमचं खत तीन महिन्यांनी एकदा, आणि कोंबावर रेघ. डागाळलेल्या सगळ्या झावळ्या बदलून जायला एकाहून जास्त वर्ष लागेल. तोवर यश मोजायचं ते वरून तिसऱ्या-चौथ्या झावळीवर, ती मागच्या वर्षीपेक्षा कमी ठिपक्यांची आहे का एवढं पाहून. फॅन पाम: मुख्य खोड लवकर वर यावं असं वाटत असेल तर फुटवे अगदी लहान असतानाच काढा, मोठे झाले असतील तर राहू द्या. बेट म्हणूनही तो सुरेख दिसतो. त्याला दिवसभराचं ऊन आणि उन्हाळ्यात खोल पाणी द्या. रॅपिस: कुंडीच्या तळाच्या भोकातून पांढरी मुळं बाहेर आली असतील तर उष्ण दिवस सुरू होताच एक माप मोठी कुंडी, नाहीतर आहे तीच राहू द्या आणि नुसतं पाणी आरपार जाऊ द्या. वहीतल्या नोंदी पुढच्या मोसमाच्या सुरुवातीला पाठवा, सोबत सर्वांत जुन्या झावळीचा खालून, उजेडाकडे धरून काढलेला फोटो. त्या दोन गोष्टींवरून खताची पुढची मात्रा ठरवता येईल.